अवनीची खोली

मंगळवारी सकाळी सव्वासहाला संस्कृतीने अवनीच्या पोटातून निघालेल्या पाण्याची पिशवी वर्तमानपत्रावर धरली. पिशवीतून अक्षरं वाचता आली, तर पाणी स्वच्छ. तिला मथळाही वाचता येईना.

अवनी आठ महिन्यांची. तिच्या मूत्रपिंडांनी काम करणं थांबवलं तेव्हा पोटात नळी बसवली आणि घरच्या घरी डायलिसिस कसं करायचं, हे संस्कृती आणि विक्रम या आईवडिलांना शिकवलं. औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तासांनी काढायचं. नर्स पद्मजाताईंनी बजावलं होतं, "नळी उघडी असताना दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क. तिसरं माणूस नको. आणि नळीच्या टोकाला कशाचाही स्पर्श झाला, तर पिशवीला जोडायची नाही. फोन करायचा."

पद्मजाताईंच्या मते दार लागणारा एक कोपरा पुरेसा होता. विक्रमने मांजरी गावातल्या बंगल्यात अख्खी खोली नव्याने बांधली. पांढऱ्या फरशा, स्टीलचं बेसिन, दारावर अवनीचं नाव. येईल त्या पाहुण्याला तो ती दाखवत असे.

त्या मंगळवारच्या आधी, रविवारी लोणी काळभोरहून त्याचे मामा नागोराव आले. संस्कृतीच्या हातात उघडी नळी होती. विक्रमने दार उघडलं.

"या मामा. हॉस्पिटल झक मारेल."

"अहो, दार लावा!"

"मामा आहेत, परके नाहीत."

"पोरीच्या पोटाला नळ बसवलाय व्हय?" नागोराव वाकले आणि अवनीच्या गालाला हात लावला. "चकाचक केलंय गड्या. आमच्या दवाखान्यात डागदराला बी अशी खोली न्हाय."

त्यांचं उपरणं संस्कृतीच्या मनगटावरून गेलं. टोकाला लागलं की नाही, तिला दिसलं नाही.

"थांबूया. ताईंना फोन करते."

"मामांसमोर? उपरण्याने काय होतंय? जोड."

तिने जोडली.

मंगळवारी हॉस्पिटलच्या वॉर्डात पद्मजाताईंनी ती गढूळ पिशवी उजेडात फिरवून पाहिली.

"नळी उघडी असताना खोलीत कोणी आलं होतं?"

"नाही," विक्रम म्हणाला.

"आलं होतं," संस्कृती म्हणाली. "ह्यांनी आणलं होतं. टोकाला उपरणं लागलं असेल, तरी मी जोडली."

पद्मजाताईंनी लिहून घेतलं. "खोली छान असेल हो. जंतूंनासुद्धा आवडली."

व्हरांड्यात विक्रमचा आवाज चढला. "घरची अब्रू इथे काढायची गरज होती?"

"औषध कशावर द्यायचं, ते त्यांना कळायला नको?"

"आता मामांना काय सांगू?"

संस्कृती आत अवनीजवळ गेली.

त्याच नळीतून पोटात प्रतिजैविक सोडलं आहे. त्याने संसर्ग हटला नाही, तर नळी काढावी लागेल. मग एवढ्याशा बाळाचं रक्त यंत्रातून फिरवायचं, आणि ते घरी होत नाही. कोणते जंतू आहेत, याचा अहवाल गुरुवारी येईल. बुधवारी संध्याकाळी अवनीचा ताप एकशे दोन होता. नळी राहणार की जाणार, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेलं नाही.