माझ्या नावाचे सहा तोतये

मी एक जुनं फंक्शन आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, स्वभावानं संशयी आहे. फंक्शन म्हणजे एकदाच लिहून ठेवलेलं काम. नावानं हाक मारायची, आकडा द्यायचा, मी उत्तर देतो. २००६ साली कागलच्या एमआयडीसीत, लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीत, तपासणी विभागातल्या दीप्तीनं मला आर या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलं. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागाचा, हार्डनेस (कठीणपणा) एकशेसत्तर किंवा वर असेल तर ‘पास’, नाहीतर ‘फेल’. काम एवढंच, पण सगळे वाखाणायचे.

कौतुकानंच घात केला. जो तो मला उचलून आपल्या फाइलीत चिकटवू लागला. फर्स्ट शिफ्टचा एक, सेकंड शिफ्टचा एक, वर ‘फायनल’ आणि ‘नवीन फायनल’! सहा जण झाले. नाव माझंच, पोटात काय ते कुणास ठाऊक.

मग एकदा चाळीस कास्टिंग मऊ म्हणून गिऱ्हाइकाकडून परत आली. सगळी सेकंड शिफ्टला गुंडूमामांनी तपासलेली. मुरगूडचे गुंडूमामा अकरा वर्षं त्याच टेबलावर होते. कारखान्याचे मॅनेजर विश्वजितसाहेब कडाडले, “न बघताच पास करताय! उद्यापासून येऊ नका.”

“आईशप्पत साहेब, म्या एकेक मोजलंय. कॉम्प्युटरच पास म्हणतोय की!”

खरं सांगू? मलाही मामांचाच संशय आला. आकडे मनाचे टाकले असणार, दुसरं काय! ते शपथा घेत होते आणि मी म्हणत होतो, नाटक आहे. आज त्याची लाज वाटते.

दीप्ती म्हणाली, “थांबा साहेब.” तिनं सहाही तोतये उघडून एकेक ओळ वाचली. सेकंड शिफ्टच्या फाइलीशी आली आणि तिनं एका आकड्यावर बोट ठेवलं: अजून एकशेसत्तरच! गिऱ्हाइकानं मर्यादा एकशेनव्वद केली, तेव्हा तिनं बाकीच्या फाइली दुरुस्त केल्या होत्या. ही एकच राहून गेली होती.

“मामांची चूक नाही, साहेब. माझी आहे,” ती सगळ्यांदेखत म्हणाली.

त्याच दिवशी तोतये पुसले गेले. आता मी एकाच फाइलीत राहतो आणि दोन्ही शिफ्ट मला तिथूनच बोलावतात. मर्यादा माझ्या पोटात कोंबलेली नाही, ती हाक मारताना सांगावी लागते. मी काय करतो, तेही वर दोन ओळींत लिहिलंय.

मित्रांनो, मला हवं तितक्यांदा बोलवा, पण माझ्या नकला चिकटवत फिरू नका. चुकतो आम्ही, बोल लागतो माणसाला.

मामा अजून त्याच टेबलावर आहेत. पण रोज पहिलं कास्टिंग मोजलं की मान वळवून विचारतात, “मॅडम, एकशेनव्वदच धरतोय न्हवं ह्यो?”

मी कोणत्या तोंडानं रागावू?