डोंगराचं वाक्य

कनकेच्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. गुरुराज गेल्यावर माझी ही सून लहान जयवंतीला घेऊन तंजावरला माहेरी गेली आणि तिथून तिनं लिहिलं, "मामंजी, तुम्ही पुष्कळ वाचता म्हणून विचारते. मी त्यांना डोंगरावर नेलं म्हणून हे झालं का? इथे सगळे नाही म्हणतात. मला बरं वाटावं म्हणून म्हणतात. तुम्ही नाही म्हणालात तर मी मानीन."

उत्तर लिहायला बसलो की सवयीनं हात "चि. सौ." लिहून जाई. मग तो कागद फाडावा लागे. असे बरेच कागद गेले, आणि मग मी बसेनासा झालो.

गुरुराज माझा एकुलता एक. मद्रास बंदराबाहेर एक मोठं जहाज बुडालं होतं, त्याचं लोखंड वर काढायच्या कामावर तो होता. पाठीवर हवेची टाकी बांधून वीस वाव, म्हणजे एकशेवीस फूट खोल जायचं, दिवसातून दोनदा, तीनदा. मी जन्मभर समुद्राशेजारी राहिलो, पण घोट्याच्या वर पाण्यात कधी गेलो नाही. हा पोरगा कोणावर गेला कोण जाणे.

आमच्या घरी जावळ तिरुपतीला काढतात. तिसऱ्या वर्षी, नाहीतर पाचव्या. जयवंतीचं तिसरं संपत आलं होतं. कनका म्हणाली, आता नाही तर दोन वर्षं थांबावं लागेल. शनिवारी दुपारपर्यंत गुरुराज पाण्यात होता आणि संध्याकाळी आम्ही सगळे आगगाडीत. गाडीत त्याचा खांदा ठणकायला लागला. कनकेनं तेल चोळलं. दंडावर तांबूस चट्टे उठले होते. डास असतील, असं सगळेच म्हणालो. सकाळी बसनं घाट चढून वर गेलो. न्हावी पोरीच्या डोक्यावर पाणी लावत होता तेव्हा गुरुराज मला म्हणाला, "अप्पा, पाय माझे नाहीत असं वाटतंय," आणि हसला. जावळ होईतो त्याला उभं राहता येईना. मग धाप लागली. आम्ही त्याला खाली आणला तेव्हा तो नव्हता.

पुढे, ज्या कॉलेजच्या ग्रंथालयातून मी निवृत्त झालो तिथे जाऊन एक वैद्यकाचा जाडजूड ग्रंथ काढला. खोल पाण्यात श्वासातली हवा दाबानं रक्तात मुरते. वर येताना ती हळूहळू निघून जायला हवी; घाईनं वर आलं की तिचे बुडबुडे होतात. डोंगरावर हवा विरळ, तिथे ते आणखी वाढतात. ते पान मी इतक्यांदा वाचलं, तरी मनाला म्हणालो, तू पुस्तकांना नंबर घालणारा माणूस, तुला काय कळतं? नीट वाचलं नसशील.

दोन वर्षं अशी गेली. परवा कनकेचं कार्ड आलं. तिचा धाकटा भाऊ सुंदर तुतिकोरीनला तसल्याच कामावर लागला आहे. पाण्यातून आला की अंगाला खाज सुटते, कोपर दुखतं. आई म्हणते उष्णता. येत्या रविवारी कामावरची सगळी मुलं कोडैकानलला डोंगरावर फिरायला जाणार आहेत. "डॉक्टरकडे जायचं हे कशावरून ओळखायचं, कुणाला विचारून कळवाल का?" जुन्या प्रश्नाचं तिनं नावही काढलं नव्हतं.

राघोत्तम डॉक्टरांचा दवाखाना ट्रिप्लिकेनमध्ये आहे. पूर्वी ते नौदलात होते. मी बाकावर बसलो आणि मागून आलेल्यांना पुढे सोडत राहिलो.

"काय हो लायब्ररी," शेवटी तेच ओरडले, "बाक झिजला माझा! आजारी कोण?"

"कोणी नाही. म्हणजे, अजून नाही."

मी कार्ड पुढे केलं. ते वाचता वाचता त्यांचा आवाज उतरला.

"हे आजच दाखवायला हवं. मुंग्या आल्या, पाय जड झाले, चक्कर, धाप, लघवी अडली, यातलं एक जरी दिसलं तर त्याला चालवत नेऊ नका म्हणावं, उचलून न्या. आणि पाण्यात होता हे डॉक्टरला आधी सांगा, नाहीतर तो संधिवात म्हणून मोकळा होईल."

"आपोआप थांबलं तर?"

"तरी दाखवायचं. आणि तोवर पुन्हा पाण्यात नाही."

"आणि... डोंगर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. गुरुराजाला ते ओळखत होते. "पाण्यातून आल्यावर निदान एक दिवस नाही. दुखत असेल तर मुळीच नाही."

"तो वर गेला नसता तर?"

"ते कोणालाच सांगता येणार नाही. पण मला विचारलं असतं, तर मी जाऊ दिलं नसतं."

घरी माझी बायको राजसबाई दारातच उभी होती. सगळं ऐकून म्हणाली, "सुंदरला लिहा. कनकेला डोंगराचं कशाला?"

"त्याचा पत्ता तिच्याकडेच आहे."

"मग तिलाच तार करा. त्याला जाऊ देऊ नको म्हणावं. संपलं."

"कारण न सांगता कोण ऐकतो? आपल्या गुरुराजानं ऐकलं असतं?"

"अय्यो, इतकी पुस्तकं वाचलीत, एक वाक्य गाळता येत नाही तुम्हाला? ती जन्मभर स्वतःला खाईल हो."

"गाळलं तर सुंदर जाईल."

ती पदर तोंडाला लावून आत गेली. थोड्या वेळानं टाक आणि दौत माझ्यापुढे ठेवून गेली.

मी "चि. कनका" एवढंच लिहिलं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं लिहिलं. दुखणाऱ्याला कोंडून हवेचा दाब पुन्हा वाढवायची लोखंडी कोठी जवळ कुठे आहे, हे सुंदरनं कामावर आधी विचारून ठेवावं, तेही लिहिलं. मग लिहिलं, "सुंदरला डोंगरावर जाऊ देऊ नकोस. यावरून तुला जे समजेल ते खरं आहे. डोंगरानं गुरुराजाचं दुखणं वाढवलं असावं. पण वर सगळेच चढलो, पोरी. तू तेल चोळलंस, मी डास म्हणालो, आणि त्याला कामावर हे कोणीच शिकवलं नव्हतं. मला 'नाही' म्हणायचं होतं. म्हणता येत नाही."

टपालकचेरीत खिडकीतल्या माणसानं विचारलं, "एक्स्प्रेस?" मी हो म्हणालो. त्यानं शिक्का मारून पाकीट मागच्या पेटीत टाकलं. परत घेता येतं का, हे अगदी ओठांवर आलं होतं. मागे रांग होती. मी बाजूला झालो.