मेलेल्या बाईचा हात

महाराजांनी तांब्यातलं हळदीचं पाणी दारावर शिंपडलं आणि ते दोन पावलं मागे सरकले. जिन्यात दाटीवाटीने उभी असलेली माणसं टाचा उंचावून बघू लागली. दाराच्या पांढऱ्या रंगावरून पिवळे ओघळ उतरत होते आणि त्या पिवळ्यात हळूहळू एक हात उमटला. तळवा, पाच बोटं, सगळं रक्तासारखं लाल.

"माऊली आली," महाराज डोळे मिटून म्हणाले. "चोरांनी जिचा गळा चिरला ती माऊली. या घरावर त्यांचा डोळा आहे, हे सांगायला आली."

घरातल्या बाईने तोंडाला पदर लावला. महाराजांच्या शिष्याने खिशातून टेप काढून दाराच्या चौकटीचं माप घेतलं. आत्म्याचा निरोप महाराज आणत आणि लोखंडी जाळीच्या दाराची ऑर्डर शिष्य घेई, असा तो जोडधंदा होता.

ही गोष्ट नेरूळची, १९९६ सालची. शिरवणे गावाच्या अलीकडे एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींचा आमचा सेक्टर होता आणि तिथे माझा दवाखाना. त्या वर्षी दिवेलागण झाली की सेक्टर चिडीचूप व्हायचा. बाल्कन्यांना गज बसले, मुलींचे क्लास बंद झाले, झोपाळे रिकामे हलायचे. छातीत धडधड, झोप नाही, जरा खुट्ट झालं की घाम, असे पेशंट रोज यायचे. चोराने जखमी केलेला एकही पेशंट मात्र माझ्याकडे कधी आला नाही.

सगळ्याची सुरुवात आमच्या इमारतीतल्या सी विंगच्या वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटपासून व्हायची. तिथल्या बाईला चोरांनी भरदुपारी मारलं, असं सगळे सांगत. कुणी बघितलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पलीकडच्या बिल्डिंगवाल्यांनी." पलीकडे गेलं की तेही आमच्याच बिल्डिंगकडे बोट दाखवत.

मी पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं. इन्स्पेक्टर म्हणाले, "मॅडम, चोऱ्या उलट कमी झाल्यात. सुरुवातीला अर्धी घरं रिकामी होती, रस्त्यावर दिवे नव्हते, तेव्हा कुलपं फुटायची. आता वस्ती वाढली. तुमच्या सेक्टरात वर्षभर घरफोडी नाही. आणि खून तर कधी झालाच नाही."

हे मी सोसायटीचे सेक्रेटरी मधुकर यांना सांगितलं. बँकेत नोकरी करणारा, अडल्यानडल्याला धावणारा सज्जन माणूस. ते हसले.

"पोलीस काय सांगणार मॅडम? दाबतात सगळं. पेपर वाचता ना तुमी? दिवस किती वाईट आलेत."

त्यांनीच मग पहाऱ्याला पोरं उभी केली, हातात दांडके देऊन.

एका शनिवारी दिवे लागायच्या सुमारास मधुकर आणि तीन-चार जण एका म्हाताऱ्याला उचलून दवाखान्यात घेऊन आले. धोतर, टोपी, डोकं फुटलेलं, डावा हात लोंबकळत होता. मागून मधुकरांची बायको वैशाली धावत आली होती. तिने मूठभर हळद त्याच्या जखमेवर दाबली होती.

"जरा बघा मॅडम," मधुकर म्हणाले. "थोडं जास्त झालं. त्या बंद फ्लॅटचं दार तोडत होता."

"तोडत नव्हतो," म्हातारा म्हणाला. "माजी पोरगी ऱ्हाती तितं. अरुणा. ह्या पोरांस्नी इचारलं तर म्हनली, तिला मारली, गळा चिरला. म्हून दार बडवत हुतो मी."

टाके घालताना पाठीमागे वैशालीचा हुंदका ऐकू येत होता.

टाके संपवून मी बेसिनवर हात धुवायला गेले. बोटं हळदीने पिवळी झाली होती. साबण लावला आणि पिवळा रंग एकदम लालभडक झाला. रक्त अजून येतंय की काय, असं वाटून मी पाण्याची धार सोडली. मग लक्षात आलं. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे मी शाळेत शिकले होते आणि घरात शंभरदा पाहिलं होतं. मी बेसिनमधल्या त्या रंगाकडे बघत उभी राहिले. दारांवरच्या हातांचा रंग हाच होता.

म्हाताऱ्याचं नाव हौसेराव. साताऱ्याकडून आले होते. जावई अरविंद ठाणे-बेलापूर रोडवरच्या कुठल्या कंपनीत आहे ते त्यांना ठाऊक होतं. लेकीने घर बदलल्याचंही कुणीतरी सांगितलं होतं, पण एकसारख्या इमारतींत त्यांच्या पायांनी जुनीच वाट धरली. मी कंपनीत फोन लावला. कितीतरी वेळाने अरविंद फोनवर आले.

"अरुणा? ती घरी आहे. का हो?"

मी खुर्चीत बसले. मग त्यांना सगळं सांगितलं.

स्टेशनपलीकडून रिक्षा करून अरुणा आली. ती दारात दिसताच हौसेराव कॉटवर मागे सरकले आणि भिंतीला टेकले.

"जवळ नगं येऊस," ते पुटपुटले. "तुजं समदं करतो मी. पर अशी नगं दिसू, बाय."

अरुणा जागच्या जागी थिजली. मग पुढे झाली, कॉटवर बसली आणि वडलांचा धड हात उचलून तिने आपल्या गळ्यावर ठेवला.

"आबा, बघा. काय झालेलं नाही."

हौसेरावांची बोटं तिच्या गळ्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत फिरली. पुन्हा फिरली. मग ते लहान मुलासारखे रडायला लागले.

चोरी झाली होती, हे खरं होतं. सेक्टर नवा असताना एका दुपारी अरुणा वाशीच्या बाजारात गेली होती. परतली तर कुलूप फुटलेलं; मिक्सर, रेडिओ आणि दोन बांगड्या गेल्या होत्या. पुढे त्यांना दुसरीकडे फ्लॅट मिळाला आणि ते निघून गेले; आत्ताचे शेजारी बहुतेक त्यानंतरच राहायला आले. मालक परदेशात होता, म्हणून जुना फ्लॅट बंदच राहिला.

"मी मेले, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" तिने मधुकरांना विचारलं.

मधुकर बायकोकडे बघायला लागले. "हिने."

"मी?" वैशाली म्हणाली. "अहो, तुमीच सांगितलंत मला. जेवताना."

दोघंही आठवत राहिले. कुणालाच आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, संध्याकाळी महाराजांची बैठक होती. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सगळा सेक्टर जमला होता. महाराजांनी शेजारी कुणी उभं असावं तसा कान कलता केला.

"माऊली बोलतेय. म्हणते, फार वेदना झाल्या गं बाई."

"तिचं नाव काय?" माझ्याशेजारी उभ्या असलेल्या अरुणाने विचारलं.

"आत्म्याला नाव नसतं, ताई."

"मला आहे. मी अरुणा. सी विंगच्या त्या फ्लॅटमध्ये मीच राहत होते. चोरी माझ्या घरी झाली. मी मेले नाही."

गर्दी मागे सरकली. तिच्याभोवती एकदम रिकामी जागा झाली. कुणीतरी रामराम पुटपुटलं, एक पोर रडायला लागलं. महाराजांनी ती भीती अचूक पकडली.

"बघा, रूप घेऊन आली. हात लावू नका कुणी. दांडके पुढे घ्या."

आणि पोरांनी दांडके खरंच पुढे घेतले. त्या दोन-तीन क्षणांत मला जी भीती वाटली, ती चोरांची नव्हती.

डोक्याला पट्टी, हात गळ्यात बांधलेला, अशा अवस्थेत हौसेराव वाट काढत पुढे आले. "माजी लेक हाय ती," ते म्हणाले. "काल मला मारलंत. आता तिला मारनार?"

वैशाली गर्दीतून बाहेर पडली. त्या रिकाम्या जागेतून चालत जाऊन तिने अरुणाचं मनगट धरलं. "गरम आहे," ती सगळ्यांकडे वळून म्हणाली. "हात गरम आहे हिचा."

दांडके खाली आले. मी दवाखान्यातून आणलेली पांढरी फळी सगळ्यांना दाखवली. कोरी होती.

"महाराज, तुमचं पाणी द्या."

ते देईनात. मधुकरांनी त्यांच्या हातातून तांब्या काढून घेतला आणि पाणी फळीवर ओतलं. पिवळ्यात लाल हात उमटला.

"हा माझा हात आहे," मी म्हणाले. "आणि मीही जिवंत आहे. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तळवा बुडवला, फळीवर टेकवला, वाळू दिला. वाळला की दिसत नाही. हळदीचं पाणी पडलं की लाल होतो. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावल्यावर काय होतं?"

"लाल होतो," पुढच्या बायका म्हणाल्या.

मी लिंबू पिळलं. हाताचा लाल रंग ओघळत पुन्हा पिवळा झाला.

दुपारी लोक झोपलेले असताना बैठकीची पत्रकं वाटत दारोदार कोण फिरत होतं, हे कुणाला सांगावं लागलं नाही. शिष्याच्या पिशवीत पत्रकांखाली सोड्याच्या पाण्याची बाटली निघाली. अरुणाने पोलीस ठाण्यात तक्रार दिली. मधुकरही आपल्या पायांनी तिथे गेले आणि आपण काय केलं ते त्यांनी सांगितलं.

महाराज गेले, तरी भीती लगेच गेली नाही. महिन्याभराने एक बाई मला हळूच म्हणाली, "ती अरुणा नसेल, पण दुसरी कुणीतरी मेली असेलच ना, मॅडम? त्याशिवाय एवढं बोललं जातं का?" बाल्कन्यांचे गज तर कुणीच काढले नाहीत.

त्या वर्षी आमच्या सेक्टरात रक्त सांडल्याचा एकच गुन्हा नोंदला गेला आणि तो आम्ही केला होता.

म्हणून सांगते. दिवस वाईट आलेत, असं कुणी म्हणालं की घाबरण्याआधी विचारा: घर कुणाचं, कधीची गोष्ट, बघितलं कुणी. उत्तर पलीकडच्या बिल्डिंगमध्ये असेल तर उठून तिथे जा. त्या फ्लॅटमधल्या बाईचं नाव काय आणि ती गेली कुठे, याचा शोध माझ्यासकट आमच्यापैकी एकाने जरी शेवटपर्यंत घेतला असता, तरी हौसेरावांना त्या संध्याकाळी कुणीतरी लेकीच्या घरी नेऊन पोचवलं असतं.