पाचव्या महिन्याची पावती

दाखल करून घेताना सुवर्णाचं पोट काढून ठेवलं. कमरेचा पट्टा, बुटाच्या नाड्या, मंगळसूत्र आणि पोट, अशा चार वस्तू पारदर्शक पिशवीत गेल्या. व्हिसा संपलेल्यांना डांबतात, त्या परदेशातल्या केंद्राचा नियमच तसा. तिथं कोण कुणाचं ऐकतंय!

"कितवा महिना?" दुभाषी लीनाताईंनी विचारलं.

सातवा होता. पण आईनं फोनवर बजावलेलं, कुणी विचारलं तर दोन महिने कमीच सांग गं, दृष्ट लागते मेली. सुवर्णा सवयीनं बोलून गेली, "पाचवा." पावतीवर पाचवा लागला. तिनं सही केली.

पिशवी सामानाच्या खोलीत, वरून तिसऱ्या फळीवर. दर मंगळवारी दहा मिनिटं जाळीतून बघायला मिळायची. बाळानं लाथ मारली की प्लॅस्टिक चुरचुरायचं. सुवर्णाला मात्र आत काहीच कळायचं नाही. सपाट पोटावर हात ठेवून ती बसून राहायची. रडू यायला हवं होतं, तेही मेलं येत नव्हतं.

दोन महिने गेले. पिशवी टम्म फुगली, फळी वाकली.

"लीनाताई, दिवस भरलेत हो माझे. पोट द्या म्हणावं, नाहीतर पिशवीतच गुदमरेल ते."

लीनाताईंनी काउंटरवरच्या साहेबाला सांगितलं. त्यानं पावती बघून उत्तर दिलं, ते लीनाताईंनी मराठीत सांगितलं. "हिशेबानं आत्ता सातवा चालू आहे म्हणतात. अजून दोन महिने थांबा."

"अहो, मी खोटं सांगितलं होतं. आमच्यात तसंच सांगतात."

लीनाताईंनी काउंटरकडे पाठ केली. "हे कसं सांगू यांना? एक खोटं निघालं की तुमची सगळी फाईलच खोटी धरतील."

"धरू देत. सांगा तुम्ही."

त्यांनी सांगितलं. साहेबानं डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं सुवर्णाचं सपाट पोट दाबून पाहिलं आणि लिहिलं, गरोदर नाही.

तेवढ्यात फळीवरून रडणं ऐकू आलं. बारीक, कोंडलेलं. साहेबानं मान वळवली नाही. सुवर्णाच्या सदऱ्यावर छातीशी दुधाचे दोन ओले डाग उमटले आणि पसरत गेले.

साहेबानं डाग पाहिले. मग दाखल करतानाची चार वस्तूंची यादी पाहिली आणि काहीतरी बोलला.

"दाखल होताना हे दूध नव्हतं, म्हणतात," लीनाताई हळूच म्हणाल्या.

त्यानं ड्रॉवरमधून नवी पिशवी काढली आणि फुंकर मारून तिचं तोंड उघडलं.