गॅरेजातलं बदक

“इथं उभं राहायचं तर पोट घरीच ठेवून यायला हवं,” भिंत आणि गाडी यांच्यामधल्या फटीत अडकलेला अजय पुटपुटला. जावयाची कुरकुर मधुमतीबाईंना ऐकू गेली, पण झेंडूची माळ गाडीला बांधण्यात त्या गुंतल्या होत्या.

दसरा होता. गाडी म्हणजे जुनी फ्रेंच टू सीव्ही. पत्र्याचं नाक, कापडाचं छप्पर. घरात तिला ‘बदक’ म्हणत. मधुमतीबाईंच्या नवऱ्यानं, शशिधरनी, इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात जन्म काढला आणि घेतली ती परक्यांची गाडी. स्वतःच्या खानावळीत जेवत नाही तो आचारी कसला, असे टोमणे बरोबरीच्यांनी पुष्कळ मारले.

मतं घरातही होतीच. अजयला तो बिस्किटांचा डबा वाटे. एसी नाही ती गाडीच नव्हे, हा त्याचा पुणेरी निवाडा. लेक ईशानी लहानपणी शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच उतरून घ्यायची. आता मात्र स्लाऊ गावातल्या मैत्रिणींना बदकाचे फोटो दाखवून भाव खाई.

मधुमतीबाईंना कुणी मत विचारलं नव्हतं. वेल्सच्या समुद्राकडे निघालं आणि छप्पर गुंडाळलं की त्यांच्या अंबाड्याची एकेक पिन सुटायची. तिथं शशिधर गाडीतलं मागचं बाकच उचलून गवतावर मांडत आणि दोघं त्यावर बसून थालीपीठ खात. गेले दोन उन्हाळे ते म्हणत होते, हवा सुधारली की जाऊ. हवा बिचारी दोन्ही वेळा सुधारली होती.

शशिधरांच्या हातून चहा कपाबाहेर सांडू लागला, तेव्हा सगळ्यांनी चष्म्याचा नंबर बदलायचा विषय काढला. नंबरही बदलून झाला. चहा सांडतच राहिला.

चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडत गाडी बाहेर काढायचा मान शशिधरांचा. ते चाचपत आत बसले. इंजिन खोकलं, मग लागलं. ओवाळायला ईशानी ताट घेऊन दारासमोरच उभी होती.

“आई, हा गाडी सो कूल आहे ना?” ती तिच्या विलायती मराठीत म्हणाली.

“कूल म्हणजे हीटर चालत नाही म्हणून,” अजय म्हणाला. दोघांची जुंपली. मधुमतीबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. ते मान ताठ करून समोर बघत होते. निरांजनाकडे नाही, लेकीकडे नाही, नुसतं समोर.

त्या पुढे झाल्या आणि खिडकीच्या काठावर हात ठेवला. “अहो,” एवढंच म्हणाल्या.

शशिधरनी किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, तशी भांडणारी दोघंही वळून बघू लागली.

“मधू, ईशानी कुठं आहे गं?”

“समोर. ताट घेऊन उभी आहे.”

स्टिअरिंगवरचे हात त्यांनी मांडीवर घेतले.

“मला दिसत नाही,” ते म्हणाले.