मास्तरांच्या फाईलवरचा शेरा

तुरुंगाच्या कचेरीत जेलरसाहेब फक्त सह्या करायचे, बाकी सगळं मास्तर लिहायचे. मास्तर स्वतः जन्मठेपेचे कैदी, पंधरा वर्षं आत काढलेले. पण अक्षर मोत्यासारखं आणि सरकारी भाषा तोंडपाठ. त्यामुळे कुणाची सुटकेची फाईल समितीपुढे जायची असली, की वर्तणुकीचा शेरा मास्तरांच्याच हातचा. 'शांत स्वभाव. केल्याचा पश्चात्ताप. घरी आधार आहे.' एवढ्यावर चाळीसेक जण घरी गेले होते, आणि त्यांतले दोन-तीन तर चांगलेच नग होते.

या खेपेला गठ्ठ्यात त्यांची स्वतःची फाईल होती. घरी आई अंथरुणाला खिळलेली, आणि डॉक्टर म्हणाले होते, वर्ष निघणं कठीण. ती आहे तोवर घरी पोहोचायचं, दुसरं काही त्यांना नको होतं.

तरी शेऱ्याची जागा त्यांनी कोरीच ठेवली.

"अहो मास्तर, लिहून टाका की. मी सही ठोकतो," जेलरसाहेब म्हणाले.

"स्वतःची तारीफ स्वतः कशी लिहू, साहेब? बरं नाही दिसत ते."

भिडस्तपणा करायला माणसाला वेळ तरी कुठली सापडते पाहा! साहेबांनी दहा वर्षांत शेरा लिहिला नव्हता. पण मास्तरांवर त्यांचा जीव होता, म्हणून त्यांनी अगदी मनापासून लिहिलं: 'अत्यंत प्रामाणिक. याच्याशिवाय कार्यालयाचे पान हलत नाही.'

समितीनं ते वाचलं आणि ठरवलं: कार्यालयाची निकड पाहता प्रकरण तीन वर्षांनी पुन्हा ठेवावे.

"माझ्या हातून घात झाला हो, मास्तर." साहेबांना वर बघवेना. "मी चांगलंच लिहायला गेलो होतो. फेरविचाराचं पत्र पाठवू या?"

"पाठवू की. उत्तराला वर्ष लागतं, साहेब."

हे साहेबांनाही ठाऊक होतं.

मग नातेवाइकांना कळवायचं पत्र राहिलं. "हे तरी मी लिहितो," म्हणून साहेबांनी कागद ओढला, दोनदा खोडला आणि शेवटी मास्तरांकडे सरकवला. मास्तरांचा हात सवयीनं चालला. 'आपणांस कळविण्यात येते की, आपल्या मुलाची सुटका तूर्त नामंजूर झाली आहे.' खाली 'आई, मला माफ कर' असं लिहावंसं फार वाटलं. पण सरकारी पत्रात तसं लिहीत नाहीत. त्यांनी कागद सहीसाठी साहेबांपुढे ठेवला.