वाढप्याचा हनिमून

माझ्या थोरल्याला जेवायला बसवणं म्हणजे मांजराला आंघोळ घालणं. आमची खानावळ आहे हे खरं, पण हा दुसऱ्याच्या घरीही भांड्यात पळी घालून वाढायला उठतो. स्वतःच्या लग्नात पाहुण्यांना पाणी देत फिरला, आणि नवी नवरी एकटी जेवली.

आता हनिमूनला कॅरिबियनच्या बेटावर जायचं ठरलंय, पण हॉटेल ठरत नाही. एका ठिकाणी खाणंपिणं सगळं भाड्यातच धरलेलं, आवाराबाहेर पडायला नको. दुसऱ्या ठिकाणी नुसती खोली. भूक लागली की गावात जाऊन शोधा.

"सगळं धरलेलंच बरं, आई," म्हणत त्याने फोनवर फोटो दाखवला. लांबलचक टेबल, त्यावर ओळीने भांडी. मग बोटांनी फोटो मोठा करून म्हणाला, "तिसऱ्या भांड्यात पळी बुडालीय बघ. कुणाचं लक्षच नाही."

सूनबाई हसली, पण हळूच म्हणाली, "आई, लग्नापासून हे एकदाही माझ्यासमोर बसून जेवले नाहीत."

त्याचे वडीलही असेच होते. समोर बसायला कुणी नाही, म्हणून मी जन्मभर ओट्याशी उभ्यानेच जेवले. मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"तिथे दुसऱ्या दिवशी ॲप्रन बांधून उभा राहशील तू. नुसती खोली घ्या. रोज जेवायला नवं हॉटेल शोधा, हवं तर त्यावरून भांडा. आणि दुसरं कुणी वाढेपर्यंत हिच्यासमोर गप बसून राहा."